अकराशे सदतीस आवाज

३ मार्च, सोमवार

ही वही मुलीने आणून दिली. म्हणाली, "आई, दिवसभराचं जे काय असेल ते इथे ओत, आमच्यावर ओरडू नकोस." सातवीत शाळा सुटलेल्या बाईला वही देतात म्हणजे बघा. पण वही चांगली आहे, वाया का घालवा.

तर आजचं. आमच्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलांच्या चादरी येतात. इस्त्रीच्या रोलरवर मी मुकादम. आमच्यातली एक सतत बोलते, तिला सगळ्या बडबडी म्हणतो. अकरा फेब्रुवारीला तिचा उजवा हात रोलरमध्ये गेला. मनगटापासून काढावा लागला. तेव्हापासून रोलरला सील आहे आणि मी नुसती इकडून तिकडे फिरते. रिकामं बसायची मला सवय नाही, त्यामुळे सगळ्यांवर खेकसते.

चौकशी चालू आहे. रोलरच्या तोंडाशी एक पट्टी असते, तिला हात लागला की मशीन थांबायला हवं. त्या दिवशी थांबलं नाही. माझा जबाब झाला, सही झाली. पट्टी बिघडल्याचं मला कोणीही सांगितलं नव्हतं. आहे ते लिहून दिलं.

आज साहेबांनी बोलावलं. मोठ्या ऑफिसचा हुकूम आहे, आमच्या अ‍ॅपवरचे तीन वर्षांचे सगळे निरोप डेटाबेसमध्ये भरायचे. चौकशीच्या बाई सव्वीस तारखेला येणार, त्यांना कोणी कधी काय कळवलं ते एका जागी दिसायला हवं. "उद्या पाइपलाइन टाकायला माणूस येतोय, वरची खोली मोकळी करून द्या," म्हणाले.

मी दोघींना घेऊन वर गेले आणि मोरीपाशी ठेवलेल्या बादल्या, खराटे, सगळं हलवून भिंत मोकळी करून घेतली.

४ मार्च

माणूस आला. माझ्याएवढाच असेल, डोक्यावर केस चार. हातात लॅपटॉप. पाइप नाही, पाना नाही.

मी विचारलं, "सामान मागून येतंय का?"

"कसलं सामान?"

"पाइप कुठून न्यायचे ते सांगा. भिंत मोकळी केलीय."

तो हसला नाही, हे बरं केलं. म्हणाला, "बाई, माझ्या पाइपातून पाणी जात नाही, निरोप जातात." या टोकाला अ‍ॅप, त्या टोकाला तक्ता. प्रत्येक निरोपाला एक ओळ. ओळीत कोणी पाठवला, कधी पाठवला, काय म्हटलं. रोज पहाटे आपोआप नवे निरोप जाऊन बसणार.

खाली बायकांनी त्याचं नाव नळवाला ठेवलं. मीच ठेवलं.

६ मार्च

नळवाल्याचा पाइप तुंबला. लिहिलेले निरोप सरसर गेले. पण आमच्या निम्म्या बायकांना लिहिता येत नाही, त्या बोलून पाठवतात. ते सगळे आवाज तक्त्यात रिकाम्या ओळी होऊन बसलेत. नाव आहे, वेळ आहे, पुढे कोरं. अकराशे सदतीस ओळी. त्याच्याकडे ऐकून लिहिणारं यंत्र आहे, पण आमच्याकडे मागे वाफेचा आणि ड्रमांचा एवढा धडधडाट, की ते अर्धं गिळतं आणि उरलेलं भलतंच ओकतं.

साहेब म्हणाले, "आवाज सोडून द्या हो. लिहिलेलं आहे तेवढं पुरे."

नळवाला म्हणाला, "रिकाम्या ओळींचा तक्ता मी देत नाही. नंतर लोक समजतात की त्या माणसाने काही म्हटलंच नाही. यांचे आवाज ओळखणारं कोणीतरी द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी रिकामीच होते.

"थोडक्यात लिहा बरं का," साहेब म्हणाले. "फापटपसारा नको."

फापटपसारा मला तरी कुठे आवडतो.

७ मार्च

कानाला हेडफोनची टोपी लावून बसले. ऐकायचं, ओळीत काय म्हटलं ते दोन वाक्यांत टाइप करायचं. बोटं हळू चालतात. मी आवाज दुपटीने पळवून ऐकायला लागले, तर नळवाला म्हणतो, "साध्या वेगाने ऐका, बाई."

"साध्या वेगाने मी म्हातारी होईन."

"तरी साध्या वेगानेच."

एक काम मात्र माझ्याशिवाय त्याला जमलं नसतं. एक नंबर तो दाखवत होता, "या बाईने या एकाच दिवशी चाळीस निरोप पाठवले?" म्हटलं ही बाई नाही, या तिघी आहेत. घड्या घालणाऱ्या तिघींत एक फोन, ज्या हाताला सापडेल ती बोलते. मग मी आवाजावरून तिघी वेगळ्या केल्या. त्याने तक्त्यात एक नवा रकाना पाडला, 'बोलणारी'. म्हणाला, "तुम्ही नसतात तर दोन बायका कागदावर अस्तित्वातच नसत्या."

इतक्या वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. खाली येऊन दोन वेळा सांगितलं सगळ्यांना.

मग मी त्याला म्हटलं, दर महिन्याच्या एक तारखेला मी माझ्या फोनवरचे आवाज पुसून टाकते, फोन भरतो. म्हणजे माझ्याकडे पाठवलेले तुमच्याकडे कमी असतील. तो म्हणाला, "तुमच्या फोनवरून गेले. इथून काही जात नाही. सगळे आहेत."

मला एकदम गरम झालं. वाफेने असेल. वरच्या खोलीत वाफ येत नाही म्हणा.

१० मार्च

थोरली म्हणजे आमच्यातली सगळ्यात वयाने मोठी, चादरी झटकते. तिचे निरोप मी कायम पहिले दोन शब्द ऐकून बंद करत आले, कारण सुरुवात नेहमी एकच, "मी थोरली बोलते, चादरी झटकून झाल्या." आज शेवटपर्यंत ऐकले. प्रत्येकाच्या शेवटी हळूच म्हणते, "बसायला एखादं स्टूल मिळालं तर बघा." मोजलं नाही म्हणता म्हणता मोजलं. एकोणीस वेळा.

दुपारी गोदामातून स्टूल उचललं आणि तिच्याजवळ नेऊन आदळलं. "हे घे. तोंडाने नीट सांगता येत नव्हतं?"

तिने स्टूल पदराने पुसलं. मग बसली.

११ मार्च

बायका शेवटीच का बोलतात? आधी सगळा पाल्हाळ आणि कामाचं शेपटाला. साहेबांशी बोलताना मी तर पहिल्या वाक्यातच सांगून टाकते.

मुलीला हे म्हटलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "साहेब तुझं पहिलं वाक्य ऐकतात तरी. तुला सांगायचं म्हणजे आधी तुझा मूड बघावा लागतो."

"म्हणजे मी काय वाघ आहे?"

"बघ, झालीस सुरू."

फेब्रुवारी अजून आला नाही. तारखेच्या क्रमाने चाललंय. नळवाल्याला विचारलं, शेवटचे दोन महिने दुसऱ्या कोणाला द्यायचे का, माझे कान दुखतात. तो म्हणाला, "दोन दिवस विश्रांती घ्या हवं तर." नको म्हटलं. दुसऱ्या कोणी ऐकलेलंही मला नको होतं. का ते माहीत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आला.

सात फेब्रुवारी, सकाळी सात बेचाळीस. बोलणारी बडबडी. तीन मिनिटं बारा सेकंद. खाली माझं उत्तर, "बरं." त्याची वेळ सात त्रेचाळीस. म्हणजे मी किती ऐकलं असेल ते कोणीही सांगेल.

ती बोलते ते असं. "ताई, ऐका ना, आमच्या सासूबाईंचे दात हो. डॉक्टर म्हणाला सगळे काढू, नवे बसवू. तर ही म्हणते, माझे दात माझ्याबरोबरच जातील, तू तुझे काढून घे. मी म्हटलं, माझे काढले तर तुमच्याशी भांडू कशाने?" आणि मग हसते. बराच वेळ हसते. मागे ड्रम चाललेत. मग दात, डॉक्टर, नवरा रात्रपाळीचा वॉचमन, त्याला झोप नाही, असं सगळं. आणि अडीच मिनिटांनंतर, "हां ताई, एक राहिलंच. रोलरची पट्टी आहे ना, आज हात लागला तरी मशीन थांबलं नाही. दुसऱ्यांदा जोरात दाबली तेव्हा थांबलं. मेकॅनिकला सांगाल का तेवढं? तुम्ही म्हटलंय ना, त्याच्याशी कोणी परस्पर बोलायचं नाही. मला जरा भीती वाटते हो. बरं, चादरी आल्या, ठेवते."

मेकॅनिकशी परस्पर बोलायचं नाही हा नियम माझा. दहा बायका दहा तोंडांनी त्याच्या मागे लागायच्या, कोणाचंच काम धड व्हायचं नाही. नियम चांगला होता.

चार वेळा ऐकलं. मग ओळीत लिहिलं, "सासूच्या दातांच्या दुखण्याबद्दल. घरगुती."

खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.

१४ मार्च

आज शहात्तर ओळी केल्या. जवळजवळ न थांबता. नळवाला म्हणाला, सावकाश करा.

मेकॅनिक जिन्यात भेटला. आपणहून म्हणाला, "मुकादमबाई, माझी झोप गेलीय. एक निरोप आला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. स्प्रिंग बदलायची, बस."

"मला कशाला सांगतोस?" म्हटलं. जरा मोठ्यानेच.

१६ मार्च, रविवार

बडबडीच्या घरी गेले. इतके दिवस गेले नव्हते, हॉस्पिटलात एकदा उभ्या उभ्या बघून आले होते तेवढंच. आज का गेले, ठाऊक नाही. आपणच पुढे होऊन जावं असं वाटलं.

दोन खोल्या. सासूने दार उघडलं. तोंडभर नवे पांढरे दात. म्हणजे बसवले शेवटी. मला हसून "या" म्हणाली आणि मला त्या दातांकडे बघवेना.

बडबडी खिडकीत बसली होती. हात ओढणीखाली. डाव्या हाताने एका वहीत रेघा ओढत होती, डॉक्टरने सवयीसाठी सांगितलंय. मी बसले. तिने काहीच बोलायला सुरुवात केली नाही. त्या घरात एवढी शांतता, मला बसवेना. म्हणून मीच बोलत सुटले, नळवाल्याचं, बादल्यांचं, थोरलीच्या स्टुलाचं.

मग ती म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"मी तुम्हाला पट्टीचं सांगितलं होतं का हो? मला वाटतं मी सांगितलं होतं. पण साहेब म्हणतात, कुठेच नोंद नाही. हे पण म्हणतात, तू बोलतेस किती, त्यात काय सांगितलं आणि काय राहिलं तुला कळतं का. मग मला वाटतं, नसेन सांगितलं. मनातल्या मनात सांगितलं असेल."

सासू चहा घेऊन आली. मी म्हटलं, "आता ते कशाला डोक्यात घेतेस? बरी हो आधी."

नवरा आतून उठून आला. मला म्हणाला, "ताई, तिची चूक निघाली तर कंपनी तिला घेणार नाही. मशीनची निघाली तर बसून करण्याचं काम द्यावं लागेल. तेवढं झालं तरी माणसांत राहील हो. दिवसभर असंच बसून असते."

चहा पूर्ण प्यायले. कसा प्यायले ते मलाच माहीत.

१७ मार्च

ह्यांना सांगितलं. सगळं. हे सायकलच्या चाकात हवा भरत होते. पंप थांबवून ऐकलं, मग पुन्हा भरायला लागले.

"लिहिलंस ते लिहिलंस," म्हणाले. "नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुझी. तू सही केलेला जबाब आहे. आता उलटं बोललीस तर खोटी ठरशील. आणि तिचा हात का परत येणार आहे?"

"हात नाही येणार."

"मग?"

मला भांडता येतं, समजावता येत नाही. चाक टणक झालं तरी हे हवा भरतच होते.

१८ मार्च

ती म्हणाली, मनातल्या मनात सांगितलं असेल.

एवढंच. आज दुसरं काही लिहायचं नाही.

१९ मार्च, बुधवार

वर जाताच नळवाल्याला म्हटलं, "एक ओळ बदलायची आहे."

"कुठली?"

"सात फेब्रुवारी, सात बेचाळीस."

त्याने काढली. वाचली. "काय चुकलंय?"

"अर्धी लिहिलीय. पुढचं सोडलंय."

"राहिलं असेल. होतं असं."

"राहिलं नाही. सोडलं."

तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "बाई, आधी एक सांगतो. या तक्त्यात जुनं पुसलं जात नाही. तुम्ही बदललंत की नवं वर येईल, जुनं त्याच्याखाली राहील. कोणी बदललं, कोणत्या तारखेला, सगळं दिसेल. पाहणाऱ्याला कळेल की तेराला तुम्ही ऐकलंत आणि एकोणीसला लिहिलंत."

"पुसता येत नाही अजिबात?"

"मला येईल. पण मी पुसणार नाही."

मी म्हटलं, "मी कुठे पुस म्हणतेय?" आणि बसले.

या वेळी दोन वाक्यांत नाही लिहिलं. ती जशी बोलली तशी ओळ न् ओळ, हसली तिथे 'हसते' असं, पट्टीपर्यंत, भीतीपर्यंत, चादरी आल्या इथपर्यंत. थांबवून थांबवून लिहिलं, दोन तास लागले. शेवटी म्हटलं, "एवढं मोठं ओळीत मावेल का?"

"मावेल," म्हणाला. "कितीही मावतं."

संध्याकाळी साहेबांकडे गेले आणि उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला थोडक्यात लिहायला सांगितलं होतं," म्हणाले. "आता तुम्हाला मी वाचवू शकत नाही, कळतंय ना?"

"तुम्ही स्वतःला वाचवत होतात," म्हटलं. बोलून गेले. पण ते मी तरी बोलायला नको होतं. मी तरी काय करत होते?

२६ मार्च

चौकशीच्या बाई वयाने लहान, पण नजर वकिलाची. टेबलाभोवती साहेब, मेकॅनिक, मी. समोर बडबडी आणि तिचा नवरा. नळवाला कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन.

बाईंनी ओळ वाचली. मग म्हणाल्या, "मूळ आवाज लावा."

खोलीत तिचा आवाज आला. "ताई, ऐका ना." दात, डॉक्टर, मग ते हसणं. बडबडी टेबलाकडे बघत होती, जशी कोणी दुसरीच बाई बोलतेय. तिचं ते हसणं संपेपर्यंत कोणी हललं नाही. मी पण नाही. पट्टीचं आलं तेव्हा मेकॅनिकने डोळे मिटले.

आवाज संपला. बडबडी म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं होतं." कोणाला म्हणाली कळलं नाही. पुन्हा म्हणाली, "सांगितलं होतं मी." आणि रडायला लागली. हात गेला तेव्हा हॉस्पिटलात ती अशी रडली नव्हती.

बाईंनी मला विचारलं, "तुमच्या नावावर तीन गोष्टी आहेत. जबाबात म्हणता, कोणी सांगितलं नाही. तेरा तारखेला लिहिता, सासूचे दात. एकोणीसला हे. खरं कुठलं?"

मी म्हटलं, "तिन्ही माझंच आहे. जबाब दिला तेव्हा मला तेच खरं वाटत होतं, कारण मी ऐकलंच नव्हतं. एकोणीसचं खरं आहे. मधलं दातांचं मात्र मी सगळं ऐकून, कळून लिहिलं."

बाईंनी ते लिहून घेतलं. या वेळी सही करताना अक्षर चांगलं आलं.

बाहेर पॅसेजमध्ये बडबडीच्या नवऱ्याने मला गाठलं. आवाज चढवला नाही. "ताई, त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे चहा प्यायलात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्याने मान हलवली, बायकोची पिशवी उचलली आणि तिला घेऊन गेला.

२ एप्रिल

निकाल लागला. मशीनचा आणि देखरेखीचा दोष. बडबडीला परत घेणार, फाटकापाशी येणाऱ्या गाठोड्यांची नोंद करायची, बसून. माझी मुकादमी गेली. घड्यांच्या टेबलावर काम मिळालं, त्या तिघींच्या फोनजवळ चौथी. साहेबांची बदली होणार म्हणतात, अजून झालेली नाही.

हे म्हणाले, "नोकरी तरी राहिली." मुलगी माझ्या जेवणाच्या ताटाजवळ बसून राहिली फक्त.

७ एप्रिल, सोमवार

आज बडबडी कामावर आली. फाटकाशी तिचं टेबल, डाव्या हातात पेन. सगळ्या तिच्याभोवती. थोरलीने आपलं स्टूल तिला नेऊन दिलं, तिला खुर्ची होती तरी. तिने दोन्ही ठेवून घेतली.

मला गाठोडी आत न्यायची होती. पहिलं उचलायला गेले तेव्हा तिच्यासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते घरून येताना पाठ केलं होतं. पहिलं वाक्यच कामाचं केलं होतं, आडवळण नको म्हणून. तोंड उघडलं.

ती गाठोड्यावरची चिठ्ठी वाचत होती. वर न बघता म्हणाली, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

ताई नाही म्हणाली.

मी बाजूला झाले. तिने आकडा लिहिला, वाकडातिकडा, पण वाचता येईल असा. मग मी गाठोडं उचललं आणि आत गेले.